दोन्ही डोळे एकाच बाजूला

मंडळी, आज सकाळी मालवणच्या समुद्रात डायव्हिंग केलं. अंगावरचा काटा अजून गेला नाही.

तळाची वाळू हलली आणि तिच्यातून ताटलीसारखा चपटा मासा उठला. अंगभर निळी कडी आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला!

बघताक्षणी ओळखला. सत्तरच्या दशकात नौदलात पाणबुडे असलेल्या काकाजींनी सुट्टीत नागपूरला हाच मासा कागदावर काढून दाखवला होता. विणकर आजोबांनी कापड तपासावं तसा कागद पालथा करून पाहिला. "दुसरा डोळा कुठी गेला गा? नक्षी चुकली तुही." सगळे हसलो. काकाजी पुन्हा कधी समुद्राबद्दल बोलले नाहीत.

किनाऱ्यावरूनच फोन लावला. "काकाजी, तुमचा मासा मले दिसला."

त्यांनी विचारलं, "दोन्ही डोळे एकाच बाजूले होते ना?"

तुमच्या घरी असं कुणाचं खरं हसण्यावारी गेलंय?