अल्व्हिनाच्या हाती टिकेल असं

अल्व्हिना शाफनरच्या हातात वस्तू टिकत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाई धसमुसळी नव्हती, तिच्या हातून कधी साधी बशी फुटली नव्हती. ती वस्तू वापरायची, एवढंच. कणीक मळायचं यंत्र बाकीच्या बायका नाताळला फडताळातून काढत. अल्व्हिनाचं यंत्र रोज सकाळी घरघरायचं आणि दर काही वर्षांनी धूर सोडून मरायचं. शाळेची बस तिनं त्या सपाट, वाऱ्याच्या मुलखात इतकी वर्षं हाकली की ड्रायव्हरच्या सीटला तिच्या बैठकीचा कायमचा खळगा पडला. ती निवृत्त झाल्यावर जो किडकिडीत तरुण त्या जागी आला, तो खळग्यात असा काही बुडाला की रस्त्यावरच्या लोकांना नुसती टोपीच बस चालवतेय असं दिसे.

निवृत्तीनंतर घरात बसून तिचं डोकं फिरायला लागलं. तिच्यापेक्षा जास्त तिच्या नवऱ्याचं, क्लेमेन्सचं. त्यानंच एके दिवशी आपलं छोटं मॅग्नम रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं. शेतात रॅटलस्नेक निघाला तर असावं म्हणून ते वर्षानुवर्षं त्याच्या पिकअपमध्ये पडून होतं. "जा, खाणीवर जाऊन डबे फोड," तो म्हणाला.

गावाबाहेर खडीची जुनी खाण होती. तिथे मातीच्या बांधासमोर लाकडी चौकटी रोवून, त्यांवर कागदाची निशाणं लावून गावातली काही म्हातारी माणसं शनिवारी नेम धरत. शेजारी पत्र्याची शेड, शेडमध्ये कॉफी. अल्व्हिनानं पहिल्याच दिवशी निशाणाच्या काळ्या गोलाला भोक पाडलं आणि तिला नाद लागला. म्हातारे शनिवारी येत, ही पाऊस नसेल त्या प्रत्येक दिवशी जाई.

व्हायचं तेच झालं. काही काळानं रिव्हॉल्व्हर प्रत्येक गोळीबरोबर शिशाचे कण बाजूला उडवायला लागलं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानामागे राइनहोल्ड बंदुका दुरुस्त करायचा. त्यानं ते कानाशी धरून हलवलं. गोळ्यांचं चक्र खुळखुळ्यासारखं वाजलं.

"बाई, हे हलकं आहे. गाडीत पडून राहावं, सापावर एखाद्या वेळेला उडवावं, यासाठी केलेलं. तुम्ही त्याला नांगराला जुंपलंत."

"मग नांगराला चालेल असं सांग," अल्व्हिना म्हणाली.

राइनहोल्डनं सांगितलं ते असं: अख्खं पोलादी हवं, वजनदार हवं, नळी लांब हवी. वजन असलं की धक्का ते स्वतःच पिऊन टाकतं. आणि रोजच्या सरावाला मॅग्नमची जहाल काडतुसं नकोत. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये अडतीस बोअरची हलकी काडतुसं चालतात, ती वापरायची. हातही टिकतो, यंत्रही टिकतं. मात्र त्याच्याकडे तसलं एकही नव्हतं.

खाणीवर ही बातमी गेली आणि म्हाताऱ्यांना शनिवार पुरेना. फिलिप म्हणे, जुन्या काळातलंच घ्यावं, हल्लीचं पोलाद पोलाद राहिलेलं नाही. बाल्झर म्हणे, फिलिपला पोलाद आणि पत्रा यांतला फरक कळत असता तर त्याच्या कोठाराचं छप्पर उडालं नसतं. बाल्झरकडे चव्वेचाळीस बोअरचं एक अवजड मॅग्नम होतं. त्याचं तो इतकं कौतुक सांगे की ते उडवायला त्याला वेळच मिळत नसे. "टिकाऊ हवं ना? हे घे, उडवून बघ. पण जपून," तो म्हणाला.

अल्व्हिना जपून हा शब्द ऐकून घेणारी नव्हती. पाय कसे रोवायचे ते फिलिप सांगायला लागला, तर मी बर्फातून बस काढलेली आहे, असं त्याला सुनावून तिनं चाप ओढला. खाण दणाणली. रिव्हॉल्व्हरची नळी आभाळाकडे गेली, चष्मा नाकावरून हनुवटीवर आला आणि गोळीनं चौकटीचा उभा खांब मधोमध तोडला. चौकट सावकाश, सगळ्यांना नीट बघता यावी अशी, पुढे पडली.

बाल्झरनं आपलं रिव्हॉल्व्हर हळूच परत घेतलं.

संध्याकाळी मनगट सुजलं. पीठ लाटताना लचकलं, असं तिनं क्लेमेन्सला सांगितलं. क्लेमेन्सनं समोरच्या ताटलीकडे बघितलं. "आज आपण डब्यातलं सूप खाल्लं," तो म्हणाला.

मनगटाची सूज उतरल्यावर ती शहरातल्या मोठ्या दुकानात गेली. तिथल्या गुळगुळीत दाढी केलेल्या पोरानं तिला नखशिखान्त न्याहाळून गुलाबी मुठीचं एक इवलंसं रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. मॅडमच्या पर्समध्ये सहज मावेल, म्हणाला. माझ्या पर्समध्ये पर्सचंच सामान मावत नाही, मला वजनाचं दाखव, असं अल्व्हिनानं सांगितल्यावर त्यानं काचेच्या कपाटातलं एक काढलं. त्यावर धावती हरणं कोरलेली. बोटांचे डाग पडतात म्हणून ते हातमोजे घालून धरायचं. रोज उडवलं तर चालेल का, असं तिनं विचारलं, तेव्हा पोराचा चेहरा असा झाला की जणू तिनं चर्चमधल्या मेणबत्तीवर अंडं उकडू का म्हणून विचारलं होतं.

ती रिकाम्या हातानं आणि भुकेल्या पोटी परत आली आणि घरी न जाता ऑटिलिया राऊकडे वळली. ऑटिलियाकडे कधीही गेलं तरी नेफ्लाचं, म्हणजे कणकेच्या गोळ्यांचं, सूप चुलीवर असे. तिचा नवरा अँटन जाऊन तीन हिवाळे झाले होते. बाई एकटी होती, जिभेची तिखट होती. सूप वाढून झाल्यावर ती कोबीच्या आंबवणीचं मडकं बघायला तळघरात उतरली, मागोमाग अल्व्हिना. मडक्यात कोबीवर ताटली होती आणि ताटलीवर, कोबी खाली दबून राहावी म्हणून, प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं काहीतरी जड.

"हे काय ठेवलंयस?"

"अँटनचं पिस्तूल. आधी दगड होता, तो फुटला."

अल्व्हिनानं पिशव्या सोडल्या. आतून सहा इंची नळीचं, अख्खं पोलादी, न गंजणाऱ्या धातूचं मॅग्नम रिव्हॉल्व्हर निघालं. तिनं चक्र उघडून ते रिकामं असल्याची खात्री केली, मग बंद करून हलवलं. अजिबात हललं नाही. अँटननं यानं उभा जन्म नेम धरला होता आणि नंतर ते तीन वर्षं खारट पाण्याच्या वाफेत बसून होतं. ऑटिलियाला विचारून अल्व्हिना ते तपासायला घेऊन गेली.

राइनहोल्डनं ते उघडून पाहिलं. एक स्प्रिंग बदलली, तेल घातलं, हात हुंगला आणि म्हणाला की बाई, याला आंबट कोबीचा वास येतोय, बाकी दोष शोधून सापडत नाही.

पण ऑटिलिया विकेना. अँटनच्या दफनाच्या जेवणालाच म्हणे बाल्झर आणि फिलिप, दोघेही घरून कुखनचे गोड केक घेऊन आले होते आणि सांत्वन करता करता रिव्हॉल्व्हरची चौकशी करून गेले होते. तेव्हाच तिनं ठरवलं होतं की हे कोणाला द्यायचं नाही.

"वापरायला नेऊ शकतेस," ती शेवटी म्हणाली. "पण मला बरोबर न्यायचं. हा माणूस दर शनिवारी तिकडे जायचा आणि हसत परत यायचा. घरात मी त्याला हसताना बघितलं नाही. तिथे आहे तरी काय, ते मला बघायचंय."

शनिवारी ऑटिलिया चर्चचा कोट आणि चर्चची टोपी घालून आली. कानांवरची संरक्षक कवचं तिनं टोपीवरूनच चढवली. खाण बघितली, बांध बघितला, शेडमधली कॉफी पिऊन बघितली आणि तोंड वाकडं केलं. "एवढंच?" ती म्हणाली. "यासाठी तो चर्चच्या जेवणावळी बुडवायचा?"

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. मग बाल्झर घसा खाकरून म्हणाला, "अँटन इथं येऊन तुझंच सांगायचा. आठवडाभरात तू काय काय बोललीस ते. पाद्रीबाबाला तू कुंपणावरचा टर्की कोंबडा म्हणालीस, ते आम्ही अजून सांगतो."

"तुझ्या बहिणीच्या केकनं दाराला अटकाव घातलास, तेही," फिलिप म्हणाला. "तो सांगताना इतका हसायचा, नेम धरता यायचा नाही."

ऑटिलियाचा चेहरा लाल झाला. रागानं की कशानं, अल्व्हिनाला कळेना. घरात ज्या बोलण्यावर अँटन पेपरमागे तोंड लपवून बसायचा, ते सगळं तो इथे घेऊन येत होता. ऑटिलिया हात पुढे करून म्हणाली, "आण ते इकडे."

अल्व्हिनानं हलकी काडतुसं भरून दिली, तिच्या मागे उभी राहिली, पाय कुठे ठेवायचे, बोट केव्हा चापावर न्यायचं ते सांगितलं. ऑटिलियानं ते सगळं ऐकून घेतलं, हे तिच्या बाबतीत नवीनच. पहिली गोळी बांधाच्या मातीत गेली. दुसरी शेजारच्या, म्हणजे बाल्झरच्या निशाणाच्या ऐन मध्यात बसली. बाल्झरनं ती आपल्या खात्यात मोजावी असा आग्रह धरला आणि त्यावरून फिलिपचं आणि त्याचं पुन्हा जुंपलं.

रिव्हॉल्व्हर आजही ऑटिलियाचंच आहे. ते वरच्या मजल्यावर कुलपात असतं, आणि अल्व्हिना सकाळी पिकअप घेऊन तिच्या दारात उभी राहते. ऑटिलियाचा हात स्थिर निघाला, त्यामुळे आधी कोणी उडवायचं यावर रोज वाद होतो आणि अल्व्हिना तो बहुतेक वेळा हरते. क्लेमेन्सला दुपारचं सूप स्वतःच करावं लागतं. तोही शनिवारी शेडमध्ये येऊन बसायला लागला आहे. नेम धरायला नाही, ऑटिलिया काय म्हणते ते ऐकायला.