शालिकराम सर आणि सायीखालची खदान

मध्य प्रदेशात, बालाघाटकडच्या उकव्याच्या शाळेत मी दुपारचं जेवण शिजवते, त्याला आता अकरा वर्षं झाली. माहेर माझं गोंदियाकडचं, शिक्षण सातवीपर्यंत, तेही मराठीतून. इथली शाळा हिंदीतली. पण शालिकराम सरांचा भूगोल मला कळतो. त्यांचा वर्ग आणि माझी चूल यांच्यात एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीला खिडकी आहे. डाळ शिजेपर्यंत मी तिथंच उभी असते.

सर मूळचे राजेगावचे. राहतात बैहरला, रोज बसनं येतात. सहावी, सातवी, आठवीला शिकवता शिकवता तेवीस वर्षं झाली. खिशात नेहमी दगड. त्यांची बायको राखीताई एकदा शाळेच्या कार्यक्रमाला आली होती, ती म्हणाली, "लोकांच्या नवऱ्याच्या खिशात तंबाखू सापडते मंजूबाई, माह्या नवऱ्याच्या खिशात डोंगर सापडते."

दरवर्षी सर शेचाळीस हात दोरी आणतात. एक हात म्हणजे दहा कोटी वर्षं. दोरीचं एक टोक शाळेच्या फाटकाला, तिथं पृथ्वी जन्मली. दुसरं टोक माझ्या हातात, चुलीपाशी. पोरं दोरीवरून चालत येतात. बराच वेळ काहीच नाही, नुसतं पाणी आणि दगड. माझ्याजवळ आल्यावर मोठाले प्राणी येतात आणि जातात. "माणूस कुठं हाय सर?" असं कोणी विचारलं की सर माझ्या बोटातून टोक सोडवून दाखवतात, दोरीचा एक धागा, तेवढ्या जाडीचा माणूस. सकाळी पाय टेकवण्याआधी मी जमिनीला हात लावून नमस्कार करते, आईनं लावलेली सवय आहे. ती दोरी पहिल्यांदा धरली तेव्हापासून तो नमस्कार जरा सावकाश करते.

मागच्या हिवाळ्यात सरांनी सातवीला जमीन कशी सरकते ते शिकवलं. त्या दिवशी शाळेत खीर होती. सरांनी खिडकीतून हात घातला, "मंजूबाई, साय आलेलं पातेलं द्या थोड्या वेळासाठी. खात नाही, शिकवतो."

पातेलं टेबलावर ठेवून त्यांनी पोरांना भोवती उभं केलं. खालचं गरम दूध म्हणजे पृथ्वीचं पोट, वरची साय म्हणजे आपली जमीन. चमच्यानं साय हळूच ढकलली, ती दुसऱ्या सायीला जाऊन भिडली आणि तिला घड्या पडल्या. "हा झाला हिमालय," सर म्हणाले. पोरं खूश. सर म्हणाले, आपला देश असाच दक्षिणेकडून सरकत आला, अजूनही सरकतोय, या घडीलाही.

तेवढ्यात भांडी थरथरली. खदानीत सुरुंग उडाला होता. सकाळची पाळी वर आली की रोज उडतो. आम्हाला त्याची इतकी सवय, की मी झाकणी सरळ केली आणि सर पुढं बोलत राहिले. फक्त श्रुतिका नावाची पोरगी त्या सायीकडं बघत राहिली. तिचे वडील प्रेमलाल मँगनीजच्या खदानीत, जमिनीखाली काम करतात. खीर वाढली तर तिनं वरची साय बोटानं बाजूला केली आणि वाटी तशीच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई अनुसया शाळेत आली. माझ्या शेजारीच राहते, आवाज गल्लीभर जाईल असा.

"सर, काय शिकवलं तुम्ही माह्या पोरीले? तिनं बापाचे जूते लपवले! आज त्याची ड्यूटी बुडली. विचारलं तं सांगत नाही. जेवतबी नाही."

"काहून लपवले?" सरांनी विचारलं.

"मले काय मालूम? म्हणते, जमीन सायीएवढी पातळ हाय. वरून सरकून राह्यली, खालून लोक बारूद लावून राह्यले, अन् मधात बाबा. मी म्हटलं, वा! माह्या घरात भूगोल घुसला!"

मला हसू आलं होतं, पण सरांचा चेहरा पाहून मी ते आवरलं. ते पातेल्याच्या जागेकडं बघत होते. रिकामं टेबल होतं.

सरांनी श्रुतिकाला बोलावलं. मी खिडकीतच होते.

"माही गलती झाली बेटा," सर म्हणाले. "साय दाखवली, पण किती जाड ते सांगितलं नाही. इथून बालाघाट किती लांब हाय?"

"बसनं लई वेळ लागते."

"तेवढी जाड हाय आपली जमीन. तुह्ये बाबा तिच्यात कुठपर्यंत उतरते? इथून बस स्टॉपपर्यंतबी नाही. अन् सरकते किती? अख्ख्या वर्षात तुह्या चार बोटांएवढी. तिच्या सरकण्यानं खदान पडत नाही."

पोरीनं आपली चार बोटं जुळवून पाहिली. मग सरळ सरांच्या तोंडाकडं बघून विचारलं, "म्हणजे बाबाले काही होणार नाही ना सर? कधीच?"

माझ्या मनात आलं, म्हणून टाका ना हो, एक 'हौ' म्हणायला काय जातं! लेकरू जेवेल तरी. मी देवाचं नाव घेतलं आणि वाट पाहिली.

"ते मले माहीत नाही," सर म्हणाले. "जे माहीत होतं ते सांगितलं. बाकीचं ज्याले माहीत हाय त्याले विचारू."

पोरीचे डोळे भरले. मला सरांचा रागच आला त्या वेळी. अनुसयाला तर आलाच. ती पदर खोचून नवऱ्याला आणायला निघाली, जाता जाता त्याच्या नावानं ओरडली, "आता तूच ये अन् तूच समजाव तुह्या लेकीले!"

प्रेमलाल आला, पायात घरच्या चपला. त्या दाराबाहेर काढून ठेवल्या. वर्गात आत येईना. सर म्हणाले, "या भाऊ, आज तुमचा तास."

"मी काय शिकवू सर? मी आठवी नापास."

"खाली गेल्यावर सगळ्यात पहिले काय करता, ते सांगा."

प्रेमलालनं इकडंतिकडं पाहिलं. मग माझ्या चुलीजवळची लोखंडी सळई मागून घेतली. "आम्ही पहिले वरचा दगड ठोकतो," तो म्हणाला. "सळईनं. मग कान देतो. ठण् वाजला तं पक्का हाय, खाली उभं राहायचं. भद वाजला तं दगड सुटला हाय, मागं सरायचं. मग तो पाडायचा, नाही तं टेकू लावायचा. तेवढं झाल्याशिवाय कोणी कामाले हात लावत नाही."

"अन् सुरुंग?" श्रुतिकानं विचारलं. पहिल्यांदाच बोलली.

"सुरुंग आम्ही सगळे वर आल्यावर. मोजून घेतात ना माणसं."

"रोज ठोकता?"

"रोज. जागा बदलली का पुन्हा."

त्यानं वर्गाची भिंत ठोकून दाखवली. ठण्, ठण्. फळ्याच्या बाजूला भद वाजलं. प्लास्टर पोकळ होतं. तिथं बसणारा गजेंद्र उडी मारून उठला आणि सगळा वर्ग हसला. त्या दुपारी पोरांनी पट्ट्यांनी, चमच्यांनी शाळेची एक भिंत सोडली नाही. माझ्या पातेल्यालाही कान लावून गेले.

जूते भाताच्या तणसीच्या ढिगात होते. श्रुतिकानं संध्याकाळी स्वतःच काढून दिले, पण एक अट घातली. रोज घरी आल्यावर दगड काय बोलला ते सांगायचं. खोटं सांगायचं नाही.

प्रेमलाल सांगू लागला. 'ठण्' म्हणायचा आणि हातपाय धुवायला जायचा. होळीच्या आधी एक दिवस खदानीत एका जागी भद वाजलं. अनुसया मला सांगत होती, घरी येऊन तो माणूस दारातच थांबला, पोरीला सांगावं का नको, असं झालं त्याला. मग सांगितलं.

पोरगी पोळी मोडता मोडता थांबली. "मंग?"

"मंग मागं सरलो. दगड पाडला, टेकू लावला."

"हौ. बराबर केलं," श्रुतिका म्हणाली, आणि त्याचं ताट वाढायला उठली.