काचेवरची सोंड

माधवनगरला आमची मिल बंद पडली तवा मी चाळिशी वलांडल्याली. नवरा आधीच गेल्याला, पोरबाळ न्हाई. एवढी वर्सं सूत गुंडाळलं, दुसरं काय येत नव्हतं. साताऱ्यावनं भाऊ आला. म्हनला, "आक्का, चल घरी." भावजय चांगली हुती, पन तिच्या चुलीफुडं जलमभर बसायचं मला नको हुतं. म्हनलं, "दिवाळीपतुर थांब. तवर जमलं न्हाई तर येते."

सांगलीत एक म्हातारं मास्तर हुतं, काचेवर देव रंगवायचं. आधी मी त्यांच्या काचा पुसायची, मग त्यांनी हातात बिरूश दिला. हे काम उलटं असतंय. रंग मागनं लावायचा आन बघायचं फुडनं. म्हून डोळं, गंध, दागिनं आधी काढायचं, तोंडाचा रंग त्याच्यावर.

गनपती झाल्यावर पलूसचं काम आलं. नव्या घराच्या दारावर बसवायला गनपती. मास्तरांस्नी मोतीबिंदू. मला म्हनलं, "ह्यो तुमीच करा, बाई." मी गनपतीचं कॅलेंडर काचंखाली ठिवलं आन हुबेहूब गिरवलं. आठ दिस लागलं. घिऊन गेले, तर घरची म्हातारी काचंफुडं वाकली. मग म्हनली, "आवं बाई, सोंड उजवीकडं हाय की."

कॅलेंडरात डावीच हुती. फुडनं बघितल्यावर उजवी झाल्याली. रोज उलटं काम करत हुते, पन देव गिरवताना तेवढं ध्यानातच आलं न्हाई. उजव्या सोंडेचा देव कडक, सोवळं पाळाय लागतं.

म्हातारी म्हनली, "आमची पोरं पलटनीत, बाया उसात. ह्येचं कोन करनार?"

सून म्हनली, "आत्ती, देवालाबी पलटनीत धाडूया."

म्हातारी हसली न्हाई. "दसऱ्याला वास्तुशांत हाय," एवढंच बोलली.

काच मांडीवर घिऊन यष्टीनं परत आले. तेवढ्या मापाची दुसरी काच नव्हती. मास्तर म्हनलं, "पुसा."

"देव हाय ओ."

"मिलीत धागा तुटल्यावर काय करायचा?"

"गाठ मारायचो."

"मग मारा की."

टर्पेंटाईनचा बोळा घेतला. आधी अंगाचा रंग गेला, मग हात, मग सोंड. पयल्यांदा काढल्यालं डोळं शेवटाला ऱ्हायलं. नुसतं दोन डोळं, माज्याकडं बघत. तितं हात थांबला. ते पुसायचं काय झालं न्हाई माज्यानं. कॅलेंडर पालथं करून उन्हात धरलं, पाठीमागनं दिसलं तसं त्याच डोळ्यांभवती सगळा देव पुन्ना काढला.

म्हातारीनं सोंडेवरनं बोट फिरवलं. "आता बरा हाय. दुसरा काढला व्हय?"

"व्हय," म्हनलं. अजूनबी त्या दारावनं जायाची पाळी आली तर मी मान वर करत न्हाई.

दिवाळीत भाऊ न्यायला आला, तवा मी लक्ष्मीचं डोळं काढत हुते. हात हलवून चालनार नव्हतं. त्याला म्हनलं, "बस. च्या तूच ठेव."