सफरचंद की दवाखाना

सोनालीने सफरचंदाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "दवाखाना."

वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले.

कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढे, जीपमधून उतरून अर्धा तास चालल्यावर आमची शाळा. मी पहिली-दुसरी शिकवते. त्या आठवड्यात माझी थीम सफरचंद होती. थीम म्हणजे आठवडाभर एकच वस्तू धरून वाचायचं, लिहायचं, रंगवायचं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, आपली करवंदं सोडून काश्मीरला कुठं निघालात?"

"सर, स-फ-र-चं-द. काना नाही, मात्रा नाही. डोक्यावर एक टिंब तेवढं."

सरांनी मान डोलावली.

सोनाली दुसरीत होती, पण स्वतःच्या मनाने एक ओळ लिहीत नव्हती. तिची आई सोमवारीच बजावून गेली होती, "बाई, हिच्या डोक्यात काय शिरत नाय. शनवारपर्यंत बगते, नायतर घरी ऱ्हाऊ दे. बारकीला तरी सांबाळंल." एकदा घरी बसलेली पोर शाळेत परत आणणं किती जड जातं, ते मला विचारा.

शुक्रवारी मी बाजारातून खरी सफरचंदं नेली. फोडी केल्या. पोरं तुटून पडली. सोनालीने मात्र हात मागे घेतला.

"घे गं."

"नको बाई. मी आजारी नाय."

"तुला आजारी कोण म्हणतंय?"

"मंग सफरचंद कशाला? बाबा कर्जतच्या दवाखान्यात व्हता तवा आणलेलं. आमी नाय खायाचं. आजारी मानसाचं असतं ते."

तिच्या घरी सफरचंद एकदाच आलं होतं, तेही पिशवीतून दवाखान्यात जायला. पोरीने चित्र अगदी बरोबर वाचलं होतं आणि मी आठवडाभर तिचं उत्तर खोडत बसले होते. लाज वाटली.

"बाबा आता कसे आहेत?"

"बरा हाय. कामाला जातो."

"मग हेच लिही."

"दवाखान्याचं? चालतंय?"

"चालतंय."

ती वहीवर वाकली ती मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी उठली नाही. "बाई, झ कसा काढायचा?" एवढंच एकदा विचारलं.

शनिवारी आई आली. मी वही सोनालीच्या हातात दिली. तिने बोट ठेवून वाचलं, "बाबा बरा झाला. आता सफरचंद नको."

आईला वाचता येत नाही. तिने वही उलटसुलट पाहिली. "हे हिनं लिवलं?"

"तिनंच."

"परत वाच गं," आई म्हणाली. सोनालीने परत वाचलं. आईने पदराने डोळे टिपले. "बारकीला जावंकडं ठेवते," एवढंच म्हणाली आणि निघाली.

सोनाली आता चौथीत आहे. पंधरा वर्षांच्या नोकरीत माझी बरीच ट्रेनिंगं झाली, पण सगळ्यांत कामाचं तिने दिलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. आता मूल चुकलं की मी लगेच दुरुस्त करत नाही. आधी विचारते, "तुमच्या घरी हे कधी आणतात?"