‘बरं, बघतो’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि आमच्या मॅडमना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय—ते राहू द्या.

साताऱ्याहून लग्न होऊन कोपरखैरण्यात आले तेव्हा मला टायपिंग तेवढं येत होतं. मॅडमच्या वकिली ऑफिसात लागले. तिथलेच निकाल वाचून वाचून इंग्रजी शिकले, मुलगी शाळेत जायला लागल्यावर एलएलबी केलं. मॅडमचं काम म्हणजे देशोदेशीच्या कंपन्यांची भांडणं—कोर्टात नाही, तीन पंच नेमून त्यांच्यापुढं सोडवायची. त्या टेबलाशी मला त्यांनी हाताला धरून बसवलं. सासूबाईंनी लेक सांभाळली. कुणाकुणाचे उपकार सांगू? फार मिळालं हो मला.

तर—सिंगापूरची ती सुनावणी. आमची पक्षकार परदेशी कंपनी. समोर तुर्भ्याचे एक कारखानदार, व्हॉल्व्ह बनवणारे. नाव नको, काका म्हणते. कंपनी म्हणे, ऑर्डर निम्मी झाल्यावर आम्ही धातू बदलायला सांगितला आणि यांनी ते कबूल केलं. काका म्हणत, कबूल केलंच नाही. सगळी केस तेवढ्यावर अडलेली.

साक्षीत विचारलं, कंपनीच्या पुण्याच्या एजंटला काय उत्तर दिलंत?

“मी म्हटलं, बरं, बघतो.”

दुभाष्या भला माणूस, पण बाहेरच्या राज्यात वाढलेला. त्यानं इंग्रजीत सांगितलं—ठीक आहे, मी ते करून घेतो.

आता तुम्हीच सांगा, मुलाकडचे ‘बघतो, कळवतो’ म्हणून उठले, तर आपण हॉल बुक करतो का? दुसरं स्थळ शोधायला लागतो ना?

काकांना ते भरभर इंग्रजी कळलं नाही. त्यांचे वकील लंडनचे. मुख्य पंचांनी माझ्याकडे पाहिलं—तुम्हाला मराठी येतं ना, भाषांतर बरोबर आहे?

मी ‘येस’ म्हणाले.

घाबरले होते का? नाही. मॅडमना मराठी येत नाही, त्यांनी मला काही खुणावलंही नाही. अर्थ मला ठाऊक होता. माझं मीच केलं.

साक्ष संपल्यावर काका चहाच्या टेबलापाशी आले. “ताई, आडनावावरून ओळखलं, आमच्याकडच्या दिसता. समोरच्या पार्टीत का होईना, आपलं माणूस बसलेलं बघून धीर आला. बरोबर बोललो ना मी?”

“छान बोललात,” मी म्हणाले.

तेव्हाही वेळ होती. पंच अजून उठले नव्हते. चार पावलं जाऊन सांगता आलं असतं—मी कॉफीत साखर ढवळत राहिले.

आम्ही जिंकलो. काकांचा कारखाना गेला, तिथं आता कुणाचं तरी गोडाऊन आहे. आणि मी? मॅडमनी पाठ थोपटली, पुढच्या केसेस माझ्या नावानं येऊ लागल्या. त्यातूनच सीवूड्सचं हे घर झालं. सकाळी खिडकीत चहा घेऊन बसते, खाडीकडून वारा येतो, नातवंडं उठून मांडीत येतात. देवाचे आभार मानते, अगदी मनापासून. काकांची आठवण येते तेव्हाही मानते. आणि चहा गोडच लागतो.