थंडीचा फळा

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणंदच्या शाळेत आठवीचा तास घेत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, विट्यावरनं फोन हाय, माणूस लाईनीवर थांबलाय." पलीकडं शकूचा धाकटा भाऊ आनंदा होता. "ताई गेली," एवढंच म्हणाला, त्याच्यामागं तो काम करतो त्या एसटी डेपोतला गलका ऐकू येत होता. सकाळी दारात सडा टाकताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की डिसेंबर संपत आलाय, आता फळा कोण लिहिणार? रडले ते नंतर, एसटीत बसल्यावर, आणि भरपूर रडले. शकूला ओळखणाऱ्या कुणालाही हा क्रम चुकीचा वाटायचा नाही.

आमच्या संस्थेनं शोकसभेसाठी जो कागद काढला त्यात ती 'शांत, सोशिक आणि मितभाषी' असल्याचं छापलंय. यातला एक जरी शब्द शकूला लागू पडत असेल तर मी उद्यापासून शिकवणं सोडते. माणूस गेलं की त्याला इस्त्री करून घडी घालून ठेवायची आपल्याकडं सवय आहे. शकूची घडी मी घालू देणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ती मूळची पाटण तालुक्यातली, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावच्या बौद्धवस्तीतली. विट्याच्या कन्याशाळेत भूगोल शिकवायला आली, त्याच वर्षी मीही तिथं मराठी शिकवायला लागले. पुस्तकात महाराष्ट्राच्या हिवाळ्यावर एकच ओळ होती: 'हिवाळा सौम्य व कोरडा असतो.' शकूनं ती वर्गात वाचली आणि पुस्तक मिटून म्हणाली, "ह्यो लिव्हणारा आमच्या गावाला कवा आलाच न्हाई." पाटणकडं हिवाळ्यात झाडांवरून दव पावसासारखं टपकतं, घोंगडी ओली होते. विट्यात पहाटे दात वाजतात आणि दुपारी माळावर चटका बसतो. दोन्हीकडची थंडी एका ओळीत कशी बसवायची, यावर ती तास संपेपर्यंत बोलली.

त्याच तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, माजं वडील म्हणत्यात, तिकडं नळातच पाणी गोठतंय." तिच्या वडिलांचं अमृतसरला सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं, दुकान. दुसरीचे गुवाहाटीला, तिसरीचे मदुराईला. विट्याच्या वर्गात असं विचारलं की सगळा देश उभा राहतो. इथले निम्मे कर्ते पुरुष गलाईच्या भट्टीमागं कुठं कुठं बसलेले, उरलेल्या घरांतला एखादा तरी फौजेत. शकूनं त्याच दिवशी मुलींना पोस्टकार्डं आणायला लावली. घरच्या माणसाला लिहा, म्हणाली, तुमच्याकडं या महिन्यात थंडी किती, धुकं किती, पाऊस आला का, आणि त्यानं माणसांचं काय झालं.

उत्तरं आली, आणि शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीला काळा रंग देऊन तिथं फळा तयार झाला. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, महिना संपला की शकू स्टुलावर चढून लिहायची. गाव, थंडी, धुकं, पाऊस आणि शेवटी 'माणसांचं'. अमृतसर: धुक्यामुळं दुकान दुपारी उघडलं. मदुराई: स्वेटर ट्रंकेतच आहे. तासगावकडं गार वाऱ्यानं द्राक्षांत साखर भरेना. पाटणहून तिच्या आईचा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचा: 'शेकोटी सकाळ-संध्याकाळ पेटवली.' फौजेतल्यांना ठिकाण सांगायची बंदी, त्यांच्या ओळीत गाव नसायचं. एकानं कळवलं होतं, 'ठिकाण सांगता येत नाही. डाळ शिजत नाही.' डाळ शिजू नये इतक्या उंच बर्फात पोरगं आहे हे कळून त्याची आई भिंतीपाशीच खाली बसली होती. पावसाळ्यात तहसीलदार कचेरी पाऊस मोजते, पेपरात आकडे येतात. थंडीचं कोण विचारतं? शकू म्हणायची, "पाऊस सरकारचा गं. थंडी आमची."

चुकाही व्हायच्या, आणि त्या अस्सल विट्याच्या चुका असायच्या. एका जानेवारीत लुधियानाहून दत्ताभाऊंचं कार्ड आलं. सगळा पंजाब कुडकुडत असताना यांच्याकडं पारा थेट वैशाखातला! बाईंनी सांगितलं म्हणून भाऊंनी मुद्दाम थर्मामीटर विकत आणला होता आणि दुकानात नीट दिसावा म्हणून भट्टीच्या शेजारच्या खिळ्याला अडकवला होता. शकूनं आकडा जसाच्या तसा फळ्यावर चढवला आणि 'माणसांचं'मध्ये लिहिलं, 'हे हवामान नव्हे, भट्टी.' आठवडाभर गाव हसत होतं. दत्ताभाऊंची बायको पदर खोचून शाळेत आली. "बाई, आमच्या मालकाचं हसं केलंसा!" शकू म्हणाली, "आवं वैनी, हसं कुटं? आख्ख्या पंजाबात एकटं तुमचं मालक उबेला हायती, ह्यात तुमी खूश व्हायाचं." वैनी हसायला लागल्या. पुढं भाऊंनी थर्मामीटर बाहेर टांगला आणि चौथ्या दिवशी तो चोरीला गेला.

मग संस्थेनं ती भिंत मागितली. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी बसवायची होती, आणि ती रस्त्यावरूनच दिसायला हवी होती. सचिवांनी शकूला बोलावून घेतलं. शकूनं सुचवलं की फरशी मागच्या भिंतीला लावा. "देणगीदारांची नावं मागं लावायची?" सचिव म्हणाले. "मग थंडी मागं लावायची?" शकूनं विचारलं. शेवटी त्यांनी मोठ्या मनानं मुतारीशेजारची भिंत देऊ केली. ती भिंत कुणाला आणि का देऊ केली जाते हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. शकू बोलली. "तिथं न्हाई लिव्हणार. माज्या दारात लिव्हते. ज्याला वाचायचं त्यानं यावं." आणि खरंच, विहाराच्या मागं तिचं घर होतं, त्या घराची दर्शनी भिंत तिनं आणि धाकट्या आनंदानं रविवारी काळी करून टाकली.

मला धास्ती वाटली. मी म्हटलं, "शकू, वस्तीत कोण येणार गं?" ती म्हणाली, "ज्यांच्या माणसांस्नी थंडी वाजतीया, ती येत्याली." तिच्या आवाजात गुर्मी होती, पण हात रंगाच्या ब्रशवर घट्ट आवळलेला होता. फळा तिला जिवापेक्षा प्यारा होता आणि तो कुणीच वाचला नसता तर ती मोडली असती, हे मला दिसत होतं. नोव्हेंबर तिनं लिहिला. वस्तीतली माणसं आली, त्यांचीही पोरं रेल्वेत, फौजेत होतीच. बाकीच्या आळ्यांतल्या बायका मात्र वस्तीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीपर्यंतच यायच्या, डबा ठेवायच्या आणि तिथूनच हाक मारायच्या, "बाई, गुवाहाटीचं काय वो?" शकू दारातून सांगायची, "फळ्यावर हाय. या की." त्या ओरडून सांग म्हणायच्या. ती ओरडून सांगायची नाही.

माझ्या सासूबाई त्यांतल्याच. माझा धाकटा दीर फौजेत, त्या वर्षी त्याचं पत्र बरेच दिवस नव्हतं, पण शकूकडं त्याच्या पलटणीतल्या दुसऱ्या एकाचं कार्ड येत होतं. सासूबाईंनी मला सांगितलं, तू जाऊन वाचून ये. शकू मला म्हणाली, "तू वाच. पण घरी सांगायचं न्हाई. त्यास्नी यायला सांग." मी घरी जाऊन तसंच सांगितलं. घरात जे काही झालं ते इथं लिहीत नाही. भांडी आपटली गेली, यजमान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, मला वाचता येत नाही असं समजा. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. सासूबाई गिरणीपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. फेब्रुवारीचा फळा लिहून झाला त्या दिवशी त्या गिरणीपाशी थांबल्या नाहीत. काठी टेकत थेट फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. शकूनं खडू खाली ठेवला आणि आधी चेष्टाच केली, "वाट सापडली म्हणायची, आजी!"

"वाट म्हाईतच व्हती," सासूबाई म्हणाल्या. "पाय उचलत नव्हतं."

शकूनं त्यांना सगळा फळा वाचून दाखवला, अमृतसरपासून मदुराईपर्यंत, काही न गाळता. पलटणीची ओळ होती, 'बर्फ वितळतोय. सगळी पोरं बरी आहेत.' सासूबाईंनी ती परत वाचायला लावली. मग चहा झाला. पुढच्या हिवाळ्यात गिरणीपाशी थांबणाऱ्या बायका कमी झाल्या आणि माझी बदली लोणंदला झाली, तरी दर महिन्याला शकूचं कार्ड यायचं, 'लोणंदचं कळव, आळस करू नकोस.'

शोकसभा कन्याशाळेच्या पटांगणात झाली. सचिव बोलले, चांगलं बोलले. शेवटी त्यांनी जाहीर केलं की संस्था बाईंचा फलक पुन्हा शाळेच्या दर्शनी भिंतीवर घेणार आहे, वर संगमरवरात त्यांचं नाव कोरून. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी उठणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या सासूबाईच काठी टेकत उठल्या.

"सायेब, ती हुती तवा भिंत न्हवती. आता ती गेली आन् भिंत रिकामी झाली व्हय?"

सचिव ओशाळून म्हणाले, "आजी, आम्ही बाईंना मान देतोय."

"मान द्याचा आसंल तर तिच्या दारात या. फळा तिथंच ऱ्हाईल."

मागं बसलेल्या आनंदानं फक्त मान हलवली. मग दत्ताभाऊंच्या घरच्या वैनी उठल्या, वस्तीतल्या बायका उठल्या, आणि सभा संपल्याचं कुणी जाहीर करायच्या आत संपली.

आम्ही तशाच शकूच्या घरी गेलो. पोस्टमननं टाकलेली कार्डं कोनाड्यात साठली होती. लिहिणाऱ्यांना ती गेल्याचं कुठून कळणार? सगळ्यांनी 'बाईंस सप्रेम नमस्कार' घातला होता, एका पोरानं 'जयभीम बाई' लिहिलं होतं, थंडी कळवली होती. आनंदानं स्टूल धरलं, वैनी एकेक कार्ड वाचत गेल्या आणि मी डिसेंबर लिहिला. अक्षर शकूसारखं जमलं नाही. विट्याच्या ओळीशी आले आणि हात थांबला... 'माणसांचं' काय लिहायचं? सासूबाई म्हणाल्या, "लिही, बाई गेल्या. फळा हाय." तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते तेव्हा गिरणीपाशी एक गाडी येऊन थांबली. सचिवांचीच. त्यांचा थोरला मुलगा अमृतसरला असतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते आतच बसून राहिले आणि ड्रायव्हर चालत आला. "सायबांनी इचारलंय, अमृतसरचं काय लिव्हलंय?"

आनंदा सडा टाकत होता. बादली खाली न ठेवता म्हणाला, "सायबांस्नी म्हणावं, अक्षर मोठं हाय. पर हितनंच दिसतंय."

ड्रायव्हर परत गेला. गाडी थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग वळून निघून गेली. जाऊ दे. माझ्या सासूबाईंनाही एक अख्खा हिवाळा लागला होता.