सगळ्यांना सहा, दादाला एकच

मंडळी, आज दमलोय, तरी लिहितोय.

चार महिने आम्ही मित्र एक रोल-प्लेइंग गेम बनवतोय, कागद आणि फाशांवर खेळायचा. त्यात योद्धा, वैद्य, चोर, कारागीर असे पात्रांचे वर्ग आहेत. कुणाला किती कौशल्यं द्यायची, यावरच गाडी अडलीय. चोराला आठ दिली की योद्धा रुसतो. शेवटी वैतागून मी सगळ्यांना सरसकट सहा देऊन टाकली.

आज सुट्टी होती, म्हणून यादी घेऊन रोह्याहून पेणला महेशदादाकडे गेलो. तो गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. गेममध्ये कारागीर तोच खेळतो.

यादी बघून म्हणाला, "सहा कशाला रे? मला एकच दे."

"एकावर हरशील, दादा."

"नाय हरत. फक्त ते दुसऱ्या कुणाला देऊ नको."

कारखान्यात त्याच्या मागे रंगवलेल्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या, डोळ्यांविना. दादा आधीचे दोन दिवस तापाने झोपून होता, आजच कामावर आला होता. साच्याला, रंगाला माणसं होती, पण डोळ्यांना कुणी ब्रश लावला नव्हता.

परतताना मी माझी कौशल्यं मोजली. कंपनीत मी कंत्राटी आहे. वेल्डिंग, वायरिंग, पंप, पाइप, रंगकाम, साफसफाई, पडेल ते करतो. बरोबर सहा भरली.

गेल्या महिन्यात मी आठवडाभर आजारी होतो. शिफ्ट एकदाही अडली नाही.

तुम्ही दोन दिवस नसलात, तर काय थांबून राहतं?